पूजेत बसलेला फळा

माणूस थकला की नवीन पद्धत शोधतो, आणि नवीन पद्धत सापडली की आणखी थकतो. एवढं साधं सत्य कळायला हेरंब देगावकरला सहा महिने आणि एक चाकांचा फळा लागला.

हेरंब चेन्नईजवळच्या सिरुसेरीच्या आयटी पार्कात आठ जणांच्या टीमचा लीड होता. लीड म्हणजे ज्याला वरचे ‘कधी?’ विचारतात आणि खालचे ‘बघू’ म्हणतात, असा मधला इसम. आखातातल्या एका कंपनीच्या गोदामांचं सॉफ्टवेअर ही टीम सांभाळत होती. काम वाईट नव्हतं, माणसंही वाईट नव्हती. फक्त कुठलंही काम सांगितलेल्या दिवशी होत नसे. सोमवारचं गुरुवारी होई, गुरुवारचं पुढच्या महिन्यात, आणि पुढच्या महिन्यातलं एखादं कुणी न मागता आजच होऊन बसे.

हे ऑफिसपुरतं असतं तर हेरंबने सोसलं असतं. पण ऑफिसची तारीख हलली की घरची हलायची. तीन वर्षांत सोलापूरची तिकिटं त्याने चार वेळा रद्द केली होती. त्यातलं एक तिकीट आईच्या वर्षश्राद्धाचं होतं. ते आठवलं की आजही त्याला आरशात बघवत नसे. वडील, अनंतराव, रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालेले. तेव्हाही ते फोनवर रागावले नाहीत. ‘बरं. नवीन तारीख कळव,’ एवढंच म्हणाले. पुढे कधीतरी हेरंब सोलापूरला गेला, तेव्हा त्याला भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. गॅस कधी लावला, दूध किती घेतलं, विम्याचा हप्ता कधी, सगळं अनंतरावांच्या टपोऱ्या अक्षरात पेनाने लिहिलेलं. हेरंबचं येणं तेवढं पेन्सिलने, आणि त्याच्याखाली खोडरबराचे काळपट डाग.

यंदा अनंतरावांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती, तिथीने, दसऱ्याच्या दिवशी. हेरंबची बायको देविका नुंगंबाक्कममधल्या एका बँकेत अधिकारी होती आणि घरात कमी शब्दांत बोलण्याबद्दल प्रसिद्ध होती. तिने नवमीच्या संध्याकाळची एग्मोरहून सुटणारी गाडी धरली, दोन तिकिटं काढली आणि म्हणाली, ‘माझं रद्द होणार नाही. तुझं तू बघ.’

म्हणून मग फळा.

ही पद्धत जपानी मोटार कारखान्यातली. हेरंबने ती दोन दिवसांच्या एका प्रशिक्षणात ऐकली होती, आणि त्या दोन दिवसांत जेवण चांगलं असल्यामुळे तिच्याबद्दल त्याचं मत फार चांगलं झालं होतं. प्रत्येक काम एका कार्डावर लिहायचं. फळ्यावर रकाने पाडायचे: करायचं, चालू, तपासणी, झालं. कार्ड डावीकडून उजवीकडे सरकत न्यायचं. आणि मुख्य म्हणजे ‘चालू’ रकान्यात एका वेळी प्रत्येकाची तीनच कार्डं. चौथं हवं असेल तर आधी एक संपवा. कुठलं काम किती दिवसांत उजवीकडे पोचलं ते टिपत राहायचं, की काही आठवड्यांनी तारीख आपोआप सांगता येते. यात न समजण्यासारखं काय आहे, असं हेरंबला वाटलं होतं.

पहिली अडचण भिंतीची आली. इमारतीची देखभाल बघणारे गिरिधर म्हणून गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं की सहाव्या मजल्यावरची भिंत कंपनीची नाही, इमारतीच्या मालकाची आहे, आणि तिच्यावर काहीही टांगायचं तर अर्ज क्रमांक अकरा भरून द्यावा लागेल. तो अर्ज सध्या बदलण्याचं काम चालू असल्यामुळे मिळत नाही. मग चाकांचा फळा चालेल का? चालेल, पण मग तो फर्निचर. फर्निचर म्हणजे त्याला नंबर हवा. नंबर मिळाल्यावर कळलं, की चाकं असलेली वस्तू मोकळी ठेवता येत नाही, तिला जागा आखून द्यावी लागते. शेवटी पाचव्या आठवड्यात जिन्याजवळ जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवून फळ्याचं पार्किंग झालं. टीममधल्या एकाही माणसाला इमारतीत स्वतःचं पार्किंग नव्हतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी फळ्याबद्दल थोडी अढी बसली.

दुसरी अडचण मुरली. मुरली टीममधला सर्वांत जुना आणि सर्वांत हुशार प्रोग्रामर. प्रत्येक कामात कुठे ना कुठे मुरली लागायचाच. तीनची मर्यादा त्याला मनापासून आवडली. इतकी, की चौथं काम कुणी घेऊन आलं की तो खुर्ची मागे ढकलून उठायचा आणि फळ्याकडे बोट दाखवून ‘सर, फुल’ म्हणत कॉफीला जायचा. तीन कामांपैकी एखादं अडलं तर? त्यासाठी त्याने फळ्याच्या कडेला स्वतःच्या हाताने ‘अडलेलं’ असा रकाना आखला. त्याला मर्यादा नव्हती. दोन आठवड्यांत त्यात अकरा कार्डं जमली. टीमचं निम्मं काम आता अधिकृतपणे अडलेलं होतं आणि मुरलीचा चेहरा पूर्वीपेक्षा तुकतुकीत दिसू लागला होता.

तिसरी अडचण, आणि हिचं हेरंबला फार वाईट वाटलं, विद्यालक्ष्मीची. ती कामं तपासून ‘झालं’ म्हणणारी. तिचं घराणं तंजावरचं, आठ-दहा पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं. घरी मराठी बोलत, आणि ते मराठी ऐकताना हेरंबला आपलेपणा लगेच वाटे आणि दोन मिनिटांनी नक्की काय म्हणाली ते कळे. कामाला चोख. पण कामाचा साप्ताहिक आढावा हेरंबने गुरुवारी दुपारी दोनला ठेवला होता.

‘विद्यालक्ष्मी, हे तपासून झालं ना? मग सरकवा कार्ड.’

‘अता नको सर. राहुकाल चालतो. दीड ते तीन. तीन वाजूं द्या, मग हलवतें.’

‘पण काम तर झालंय.’

‘झालं ते झालंच सर. पण झालं असं मणायला वेळ बरी पाहिजे.’

दर गुरुवारी आठ माणसं फळ्यासमोर उभी राहायची, झालेलं काम झालेलं नाही असं धरून चर्चा करायची, आणि सगळे जागेवर गेल्यावर बरोबर तीन वाजून पाच मिनिटांनी विद्यालक्ष्मी एकटी येऊन चार-चार कार्डं उजवीकडे नेऊन ठेवायची. हेरंबने आलेख काढला तेव्हा त्यात गुरुवार दुपारी तीन-पाचला एक उंच सुळका दिसला. प्रशिक्षणातल्या गुरूंना त्याने तो मेलने पाठवला. ‘तुमच्या टीममध्ये विलक्षण एकाग्रता दिसते,’ असं त्यांचं उत्तर आलं.

इथवरही चाललं असतं. पण चेन्नईची हवा. संध्याकाळी सातला एसी बंद झाला की खाडीवरून येणारा दमटपणा आत शिरतो आणि कशालाच कशाला चिकटून राहण्याची इच्छा उरत नाही. एका रात्रीत फळ्यावरची सगळी चिकटकार्डं गळून जमिनीवर पडली. सकाळी सफाईला आलेल्या भवानीअक्काला ती दिसली. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, पण टापटिपीत तिचा हात कुणी धरला नसता. डावीकडचे रकाने आखूड, उजवीकडचा मोठा आणि मोकळा. तिने तेवीसच्या तेवीस कार्डं उजव्या, ‘झालं’च्या रकान्यात लावली, रंगवार, ओळीत. आणि वर थोडा वेळ कौतुकाने बघत उभी राहिली म्हणे.

नेमकी त्या दिवशी मॅनेजर संयुक्ता लवकर आली. हेरंबची बस शोलिंगनल्लूरच्या सिग्नलला अडकली होती. संयुक्ताने भरलेला रकाना पाहिला, फोटो काढला आणि गिऱ्हाइकाला पाठवला. हेरंब जिना चढून धापा टाकत आला तेव्हा गिऱ्हाइकाकडून अभिनंदन येऊन पडलं होतं, आणि त्याच्या खाली, वेग एवढा वाढला आहे तर म्हणून, पाच नवीन कामं.

हे निस्तरायला हेरंबला दोन आठवडे गेले. त्या काळात तो सर्वांशी हळू आवाजात बोलत असे. लोहचुंबकं मागवावीत तर गिरिधरांचा अर्ज आलाच, म्हणून देविकाने घरच्या फ्रिजवरची सगळी काढून डब्यातून दिली. त्यामुळे आखाती कंपनीची गोदामं इथून पुढे केळफूल, इडली, तिरुपती आणि सोलापूरच्या सिद्धेश्वर मंदिराखाली लटकू लागली.

हेरंब ज्या घरात भाड्याने राहत होता त्याचे मालक माधवराव खालीच राहत. तेही तंजावरी, सरकारी कचेरीतून निवृत्त. रविवारी सकाळी त्यांनी हेरंबला पायरीवरच धरलं.

‘बैसा हो. काफी घेता? तोंड कैसं झालंय तुमचं.’

हेरंबने बसून फळ्याची सगळी हकिकत सांगितली. खरं तर त्याला फक्त कॉफी हवी होती.

‘तीन कार्डं?’ माधवराव म्हणाले. ‘ते जपानी काय शिकवितात? चौतीस वरुषं मीं मेजावर तीन फायली ठेवल्या. चौथी आली कीं जेवायला उठत असें.’

‘आणि काम वेळेवर व्हायचं?’

‘काम काय, रोज येतंच कीं. तुमी सुम्मा उगीच घाबरतां. नवमी येऊं द्या, मग बघा.’

नवमीला तर तो सोलापूरच्या वाटेवर असणार होता. म्हाताऱ्याला तारखांचं भान राहिलेलं नाही, असं मनात म्हणून हेरंब दया आलेल्या चेहऱ्याने वर गेला.

मात्र एक गोष्ट खरी होती. इतक्या सगळ्या गोंधळातही फळा हळूहळू काहीतरी सांगू लागला होता. मुरलीचा ‘अडलेलं’ रकाना हेरंबने पुसला आणि अडलेलं प्रत्येक काम मुरलीच्या तीनातच मोजायला सुरुवात केली. मुरली दोन दिवस कॉफीला गेला नाही, मग रडतखडत कामं सोडवू लागला. आलेखावरून दिसत होतं, दहातली नऊ कामं अकरा दिवसांच्या आत उजवीकडे पोचतात. हेरंबने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि आयुष्यात प्रथमच छातीवर हात ठेवून संयुक्ताला तारीख दिली. मोठं काम, नऊ कार्डांचं, अष्टमीच्या मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत. त्या रात्री त्याने वडिलांनाही फोन केला.

‘दसऱ्याच्या सकाळी पोचतो बाबा. नक्की.’

‘बरं,’ अनंतराव म्हणाले. फोनमधून कागदावर काहीतरी खरडल्याचा बारीक आवाज आला. तो पेन्सिलचाच असणार, हे हेरंबला न बघता कळलं.

अष्टमीच्या मंगळवारी दुपारपर्यंत नवांतली आठ कार्डं ‘झालं’मध्ये होती. नववं तपासणीच्या रकान्यात सिद्धेश्वराच्या चुंबकाखाली होतं. दीड तासाचं काम.

दीड वाजता ऑफिसात आयुधपूजेची गडबड सुरू झाली. नवमी-दशमीची दोन दिवस सुट्टी, म्हणून पूजा आजच. टेबलं पुसली गेली, केळीचे खांब आले, पोरी केस सावरत रांगोळी काढू लागल्या. विद्यालक्ष्मी चंदनाची वाटी घेऊन आली.

‘सर, फळाही पूजेंत ठेवूंया? अमचं आयुध तेंच.’

हेरंबला भरून आलं. सहा महिने सगळ्यांनी ज्याची टिंगल केली त्या फळ्याला कुणीतरी आयुध म्हणालं होतं. शिवाय पूजा म्हणजे काय, त्याला पक्कं माहीत होतं. लहानपणी खंडेनवमीला त्याने स्टेशनात पाहिलं होतं: अनंतराव कंदिलाला, हिरव्या-लाल झेंड्याला हळदकुंकू वाहत, नारळ फोडत, आणि दहाव्या मिनिटाला तोच हिरवा झेंडा घेऊन गाडीला सोडायला फलाटावर उभे राहत. गाड्या काही थांबत नसत.

‘ठेवा की!’ तो म्हणाला. ‘फळा ठेवा, तुमचे लॅपटॉप ठेवा. हा माझाही घ्या.’

मुरलीने त्याच्याकडे एकदा नवलाने आणि मग प्रथमच खऱ्या आदराने पाहिलं. आठही लॅपटॉप ओळीत मांडले गेले. फळ्याला झेंडूचा हार चढला. प्रत्येक कार्डाला विद्यालक्ष्मीने चंदन आणि वर कुंकू लावलं. आरती झाली, चणे आणि पोंगलचा गोड भात वाटून झाला, गिरिधरसुद्धा येऊन पिवळ्या पट्टीला फूल वाहून गेले. अडीच वाजले.

‘चला विद्यालक्ष्मी,’ हेरंब हात पुसत म्हणाला, ‘आता तेवढं शेवटचं कार्ड.’

तिने चंदनाची वाटी खाली ठेवली.

‘अय्यो सर. पूजेंत ठेवलं. अता कैसं काढायचं?’

‘म्हणजे?’

‘दशमीला पूजा उतरवितात सर. तोंवर हात लावायचा नाहीं. पुस्तक वाचायचं नाहीं, काम करायचं नाहीं. तुमीच ठेवा मणालात, तुमचाही दिलात. मला वाटलं सर किती श्रद्धाळू आहेत.’

हेरंब खुर्चीवर बसला. समोर त्याचा लॅपटॉप फुलं वाहून, डोळे मिटल्यासारखा बंद पडून होता. साडेतीन तासांवर आलेली, आयुष्यातली पहिली खरी तारीख त्याने स्वतःच्या हाताने देवापुढे ठेवली होती. आता लॅपटॉप ओढून काढावा तर सगळ्या मजल्यासमोर पूजा मोडायची. दशमीला स्वतः थांबून काम पुरं करावं तर पाचवं तिकीट रद्द. त्याला एकदम कॅलेंडरवरचे डाग दिसले. तो नुसता थकला होता. इतका, की खोटी तारीख सांगायलाही जी थोडी ताकद लागते ती उरली नव्हती.

आणि तिथे बसल्या बसल्या त्याला अनंतरावांचा स्टेशनातला काळा फळा आठवला. गाडीचं नाव, यायची वेळ आणि शेवटी एक रकाना: उशीर. त्यात ते खडूने मिनिटं लिहीत. ‘अरे, गाडी उशिरा आली म्हणून माणसं चिडत नाहीत,’ ते म्हणायचे. ‘किती उशिरा ते कुणी सांगत नाही, म्हणून चिडतात.’

‘दशमीला तुम्ही पूजा उतरवायला येणार?’ त्याने विचारलं.

‘येणार कीं. सकाळी घरीं पूजा, लेकराचा विद्यारंभ. इथे येईपर्यंत सव्वा होईल.’

‘गुरुवार आहे,’ हेरंब म्हणाला. ‘दीड ते तीन राहुकाल.’

विद्यालक्ष्मीचा चेहरा उजळला. ‘हां सर! मग तीनला निकाल बघून, तीन-पाचला हलवतें. तपासणी यंत्रावर लावायची, ती आधीं मुरली चालू करून देईल. सुरुवात तो करूं दे, त्याला काहीं नाहीं राहुकालाचं.’

मुरलीने मान डोलावली. त्याच्या तीनात जागा होती.

हेरंबने संयुक्ताला फोन लावला आणि एका दमात इंग्रजीत सांगितलं. आज होणार नाही. चूक माझी आहे. गुरुवारी दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी होईल, आणि मी तेव्हा सोलापूरला असेन.

मग संयुक्ता म्हणाली, ‘ठीक आहे. गिऱ्हाइकाला मी शुक्रवारच सांगितलाय.’

‘काय? मी तर मंगळवार म्हटलं होतं.’

‘हेरंब, आयुधपूजेच्या आठवड्यात चेन्नईतून मंगळवारी काम मिळेल, असं मी कुणाला सांगेन का? आणि तसंही तुमच्या तारखेत मी तीन दिवस मिळवतेच.’ बहुधा हे त्याला जरा लागेल असं तिला वाटलं असावं, कारण तिने पुढे समजुतीच्या सुरात जोडलं, ‘आधी पंधरा मिळवत होते.’

हेरंबने फोन ठेवला. सहा महिन्यांची कमाई बारा दिवस. अपमान वाटून घ्यावा की समाधान, हे ठरवण्याचा त्याला कंटाळा आला, म्हणून त्याने उरलेला पोंगल खाल्ला.

बुधवारी संध्याकाळी तो एग्मोरला गाडीत बसला. खांद्याला काहीच नसल्यामुळे तो दोन-तीनदा दचकून खांदा चाचपत होता. देविका खिडकीतून बाहेर बघत हसत होती. माधवरावांनी निघताना प्रसादाची पुडी हातात देत एवढंच विचारलं होतं, ‘मग? नवमी आली ना?’

गाडी वाडी जंक्शनला अडकली आणि सोलापूरला पन्नास मिनिटं उशिरा पोचली. अनंतराव फलाटावर इस्त्रीच्या सदऱ्यात ताठ उभे होते. हेरंबने घाईघाईने उशिराचं सांगायला सुरुवात केली, तसा त्यांनी हात केला.

‘वाडीला धरली होती. मला सातलाच कळलं. सावकाश चहा घेऊन निघालो.’ मग त्यांनी त्याला वरखाली पाहिलं. ‘लॅपटॉप कुठाय?’

‘पूजेत आहे.’

‘वा,’ म्हातारा म्हणाला, आणि पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली.

पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळणं झालं, सोनं वाटून झालं, पुरणपोळीवर सगळे आडवे झाले. हेरंब मात्र भिंतीला टेकून घड्याळाकडे बघत बसला होता. त्याने वडिलांना सगळं सांगितलं होतं, फळा, चुंबकं, भवानीअक्का, संयुक्ताचे तीन दिवससुद्धा. अनंतराव डोळे मिटून ऐकत होते, झोपले असावेत असं वाटत होतं.

फोन वाजला. विद्यालक्ष्मीने फोटो पाठवला होता: सुकलेला झेंडूचा हार, आणि उजव्या रकान्यात सर्वांत खाली, सिद्धेश्वराखाली, कुंकू लावलेलं नववं कार्ड.

अनंतरावांनी डोळे उघडले. त्यांनी फोटोकडे पाहिलंच नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून सहा मिनिटं.

‘किती सांगितलं होतंस?’

‘तीन-पाच.’

‘हं.’ ते उठून बसले. ‘तुझ्या आईचं श्राद्ध मार्गशीर्षात येतं. कधी येतोस?’

हेरंबने लगेच तोंड उघडलं नाही. बोटांवर मोजलं. मुरलीचे तीन धरले, गुरुवार धरला, बसचा सिग्नल धरला. मग तारीख सांगितली, आणि सकाळी नाही, दुपारी पोचेन, असंही सांगितलं.

अनंतराव कॅलेंडरपाशी गेले, पान उलटलं, आणि खिशातून पेन काढलं.